सकाळचं पहिलं पाणी

प्रिय मने,

फोन करता आला असता, हे मलाही कळतं. सकाळपासून दोनदा तुझा नंबर काढला आणि दोनदा फोन उपडा ठेवला. फोनवर तू 'हं' म्हणून गप्प झालीस की मला पुढचं बोलताच येत नाही, आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. म्हणून लिहिते. दुपारचे दोन वाजलेत आणि मी घरी आहे. कामाच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरातलं ऊन ओट्यावरून उतरून फ्रिजपर्यंत जातं, हे एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा पाहिलं. प्रयोगशाळेतून मला घरी का पाठवलं ते सांगतेच. पण जरा आधीपासून सांगू दे, नाहीतर मी माझ्या सोयीचं तेवढंच सांगेन.

माझ्या इंटरनेटवरच्या विज्ञानमंचाची तू कायम थट्टा करतेस. दिवसभर गावाच्या पाण्याच्या बाटल्या तपासायच्या आणि संध्याकाळी चहाचा कप घेऊन परक्यांची भांडणं सोडवत बसायचं, ही कसली हौस, असं म्हणतेस. तुझ्या नवऱ्याचा तर ठरलेला विनोद आहे, की ताईंना लोकांना पाण्यात पाहायचाच पगार मिळतो. खरं सांगू, गेली सहा वर्षं त्या मंचावर मी जेवढी सुखात होते तेवढी कुठेच नव्हते. आम्ही तिघं मॉडरेटर. कुणी शिवीगाळ केली तर समज द्यायची, कुणी थापा मारल्या तर पुरावा मागायचा, चर्चेचा धागा भरकटला तर बंद करायचा. माझं तिथलं नाव 'परीक्षानळी'. एक 'घड्याळजी' आहेत, निवृत्त घड्याळदुरुस्तीवाले, कुठल्याही प्रश्नाचं उत्तर स्प्रिंगपासून सुरू करतात. एक 'डोकेखाऊ' आहे, त्याने मध्यंतरी एकदा विचारलं, शिसपेन्सिलीत शिसं असतं तर मी लहानपणी अर्धा डबा चघळून जिवंत कसा. घड्याळजींनी त्याला शांतपणे सांगितलं, "बाबा रे, त्यात शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं. तुझ्या डोक्याचं कारण दुसरीकडे शोध." सगळे हसले. मला हसू आलं नाही. कारण त्या दिवशी शिशावर गप्पा का निघाल्या होत्या, ते मला ठाऊक होतं.

दोन दिवस आधी एका नवीन बाईंनी मंचावर लिहिलं होतं. नाव घेतलं होतं 'नळाखालची'. त्या बेकरीत पहाटेच्या पाळीला जातात, त्यामुळे नळाला रात्रभर थांबलेलं पहिलं पाणी रोज त्यांच्याच वाट्याला येतं. त्याला गोडसर चव लागते म्हणून त्यांनी दुकानातून शिसं तपासायच्या पट्ट्या आणल्या. मने, काय सुरेख काम केलं होतं त्यांनी. पहिलं पाणी एका पेल्यात, दोन मिनिटं नळ सोडून मग दुसऱ्यात, पाच मिनिटांनी तिसऱ्यात. शेजारी बाटलीबंद पाण्याचा पेला, तुलनेसाठी. असं सलग सात दिवस. पहिल्या पेल्यात रोज पट्टीचा रंग बदलत होता, पाच मिनिटांनंतरच्या पेल्यात एकदाही नाही. म्हणजे दोष मुख्य जलवाहिनीत नसून घरापर्यंत येणाऱ्या जुन्या जोडणीत असावा, असा अंदाजही त्यांनी बांधला होता. खाली गल्लीचं नाव. तुझ्या मागची गल्ली.

गल्लीचं नाव मी दोनदा वाचलं. आणि मी काय केलं? तासाभरात तो धागा बंद केला. खाली लिहिलं, 'नियम चार. घरगुती पट्ट्यांचे निकाल खात्रीचे नसतात. अधिकृत स्रोताशिवाय ठिकाणाचं नाव घेऊन भीती पसरवू नये.' यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पट्ट्या खरंच चुकतात. मीच शंभरदा लोकांना तसं सांगितलंय. पण अधिकृत स्रोत मी होते, मने. तुझ्या भागातल्या एका घरचं पाणी आमच्याकडे तक्रारीत आलं होतं आणि मी स्वतःच्या हाताने तपासलं होतं. मर्यादेच्या चौपट शिसं. यंत्र बिघडलंय असं वाटून पुन्हा तपासलं. आकडा तोच.

साहेबांना दाखवलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही भांडले असते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "एका बाटलीवरून गाव पेटवायचं का? पुन्हा नमुने घ्या. मुख्य वाहिनीवरून घ्या, म्हणजे वाद नको." मी मान डोलावली. मुख्य वाहिनीचं पाणी स्वच्छच येणार, हे मला माहीत होतं. तीन महिन्यांपूर्वी आम्ही नव्या स्रोतावरून पाणी सोडायला लागलो, ते जरा आम्लाकडे झुकणारं आहे. रस्त्याखालच्या लोखंडी वाहिनीतून शिसं येत नाही, पण तिथून घरात शिरणाऱ्या शिशाच्या जुन्या नळ्यांना ते रात्रभर कुरतडतं. दोष घराच्या दारात आणि मी बाटली भरली रस्त्यावर. निकाल स्वच्छ आला. अहवाल टाइप करून मी त्यावर सही केली. नेहमीसारखीच सही आली, शेवटच्या अक्षराची शेपटी वर गेलेली.

धागा बंद केल्यावर दोन दिवसांनी त्या बाईंचा मला खाजगी निरोप आला. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी लिहिलं होतं, "परीक्षानळीबाई, रागावू नका. मी फार शिकलेली नाही. माझी पद्धत कुठे चुकली तेवढं सांगाल का? पुढच्या वेळी नीट करीन." मी उत्तर लिहायला बसले. लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. सहा वर्षं मी तिथे लोकांना एकच गोष्ट शिकवत आले की निष्कर्षावर नको, पद्धतीवर बोला. आणि त्या बाईंची पद्धत माझ्यापेक्षा चांगली होती. त्यांनी योग्य जागी पेला धरला होता. शेवटी मी निरोप न वाचल्यासारखा तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचे सहा कॅन घेऊन तुझ्या दारात उभी राहिले.

तुला आठवत असेल. तू म्हणालीस, "हे काय नवीन खूळ? मी ढब्बूचं पाणी वीस मिनिटं उकळते." मी सांगितलं की दात येताना बाळांना कॅनचं पाणी मानवतं, आमच्या ऑफिसातल्या एकीने सांगितलंय. तू हसून म्हणालीस, ताई सांगते म्हणजे मोजूनच सांगत असेल. तुला ठाऊक आहे तू असं का म्हणतेस. तू पाच वर्षांची, मी सोळाची, आई दोन पाळ्या करत होती. तुला आठवडाभर ताप. मी दर तासाला काखेत थर्मामीटर लावून कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकडा लिहायचे. शेजारच्या काकू डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, ताप उतरला गं, तर तू डोळे न उघडता म्हणालीस, "ताईने अजून मोजला नाही." ती गोष्ट आई सगळ्यांना सांगायची. त्या दिवशी तुझा जिना उतरून मी थेट ऑफिसात गेले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. ऑफिसात फोन वाजला की तो मी दुसऱ्याला उचलायला सांगायचे. मंचावर मात्र मी नेमाने जात होते, आल्यागेल्याला उत्तरं देत होते, एका शाळामास्तरांना इंद्रधनुष्यावर चांगलं पानभर लिहून दिलं. तो बंद धागा मी दिवसातून दहादा उघडून बघायचे. बंद धागा लिहायला बंद असतो, वाचायला नाही. किती जणांनी वाचला त्याचा आकडा खाली दिसतो. तो वाढत होता. आणि मने, मी कुलूप लावायच्या मिनिटभर आधी कुणीतरी भल्या हेतूने लिहिलं होतं, 'एवढं कशाला घाबरता, पाणी उकळून प्या, काळजी मिटली.' माझ्या सूचनेच्या वर तेच शेवटचं उत्तर म्हणून बसलं होतं. उकळून शिसं जात नाही. पाण्याची वाफ होते, शिसं आहे तिथेच राहतं, म्हणजे उलट थोडं दाटच होतं. हे मंचावरचं शाळकरी पोरही सांगू शकलं असतं. पण सांगायची वाट मीच बंद करून ठेवली होती, आणि तुमच्या भागातली लोकं ते वाचून भांडी चुलीवर चढवत होती.

परवा घड्याळजींनी मला विचारलं, सगळ्यांसमोर नाही, खाजगीत. "बाई, तो पाण्याचा धागा तुम्ही घाईत बंद केलात असं मला वाटतं. तुम्ही घाई करणाऱ्यातल्या नाही. काही अडचण आहे का?" बस, एवढंच. मी खुर्चीत बसून रडले. मग डोळे पुसले आणि काल संध्याकाळी धागा उघडला. माझं खरं नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, पहिल्या नमुन्याचे दोन्ही आकडे लिहिले, आणि दुसरा नमुना कुठून घेतला आणि का, तेही लिहिलं. उकळू नका, बाळांना आणि पोटुशा बायकांना नळाचं पाणी अजिबात देऊ नका, बाकीच्यांनी सकाळी पाच मिनिटं नळ सोडून मगच भरा. नळाखालचीला वेगळं लिहिलं, "तुमची पद्धत चुकली नव्हती. माझी चुकली." त्यांचं उत्तर आलं, "बरं झालं सांगितलंत. मी शेजारपाजारी सांगून येते." मला एक शब्द बोलल्या नाहीत. मी मॉडरेटरपण सोडलं. डोकेखाऊने विचारलं, आता आम्हाला कोण ओरडणार.

आज सकाळी तेच सगळं कागदावर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "निवृत्तीला माझी दोनच वर्षं राहिली होती हो." त्यांची मला कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला. चौकशी होईपर्यंत मी घरी बसायचं. पण अकरा वाजता आमच्या पाणीपुरवठा खात्याने तुमच्या भागासाठी सूचना काढली आणि टँकर निघालेत, ते दारावर येईपर्यंत तुला अर्धं कळलेलं असेल. खालच्या मजल्यावरची जुळ्यांची आई तुला विचारेल, तुझी बहीण तिथेच ना कामाला, तुला माहीत होतं का. तू खरं तेच सांग, की तुला माहीत नव्हतं. ताईने सांगितलं नाही, असं सांग.

आता उरलेलं अर्धं, जे मी मंचावर लिहिलं नाही, साहेबांनाही सांगितलं नाही. ते तुझ्या एकटीचं आहे. मी कॅन घेऊन तुझ्याकडे आले, त्या दिवशी तो पहिला आकडा माझ्याकडे येऊन तेरा दिवस झाले होते. तेरा दिवस मला माहीत होतं, आणि त्या तेरा दिवसांत ढब्बूच्या दुधाच्या पावडरीत तू तेच पाणी उकळून घालत होतीस. मधल्या रविवारी मी तुझ्याकडे जेवायला आले होते, त्याची बाटली मीच भरली, मीच पाजली. मी स्वतःला म्हणत होते, आकडा चुकला असेल, दुसरा नमुना येऊ दे. तुला कॅन आणून दिले असते तर आकडा खरा आहे हे मला मान्य करावं लागलं असतं, आणि मग गप्प बसता आलं नसतं. म्हणून मी माझ्या बहिणीच्या बाळाच्या बाबतीतसुद्धा थांबले. त्याचं रक्त तपासायला हवं, मने. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंशी मी बोलले आहे, शुक्रवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे, चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्या म्हणाल्या, स्रोत बंद झाला की रक्तातलं प्रमाण हळूहळू उतरतं, पण आकडा बघितल्याशिवाय त्या काही सांगणार नाहीत. मीही तुला धीर देत नाही, तो हक्क मला राहिलेला नाही. मी नऊपासून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेली असेन. आत बोलवायचं की नाही ते तू ठरव. नाही बोलावलंस तरी आकडा कळेपर्यंत मी तिथून उठणार नाही.

तुझीच,
ताई