मंत्रीणबाईंच्या पिशवीवाल्याचा सत्कार

मु. बोरसावळी, ता. संग्रामपूर
दि. ५ डिसेंबर २०१७

ति. शेषरावदादास द्वारकाचा नमस्कार.

इकडं सारे बरे, पऱ्हाटी सोडून. बीटी कपाशीच्या बोंडातही यंदा गुलाबी अळी निघाली. वहिनीचा गुडघा कसा आहे? फोनच केला असता, पण फोन लावला का हे, तुहे जावाई, बाजूले येऊन बसतात. म्हणून कागद घेतला.

ती अळी पाह्यले मागच्या आठवड्यात जर्मनीतल्या एका राज्याच्या शेतीमंत्री आल्या, गेर्डाबाई. सोबत एक उंच, पिकल्या केसांचा माणूस. आता तुले माहीत आहे, पाच वर्षं सरपंच मी, अन् खुर्चीवर बसतात हे. मग तिकडंही मंत्री बाई असली तर कारभार नवराच पाहत असंल ना! ह्यांनी त्या माणसाले फेटा बांधला, नारळ देला, "साहेब, अळीचं काही करा" म्हणून घंटाभर डोकं खाल्लं. तो आपला मान हालवत राह्यला. मंत्रीणबाईले आम्ही बायांनी सतरंजीवर बसवून तिची ओटी भरली.

पुण्याची दुभाषी पोरगी शेवटी म्हणे, "काका, हे बाईंच्या पिशव्या सांभाळतात."

माय वो! हसून हसून माह्या पोटात दुखलं. ह्यांचं तोंड पाह्यण्यासारखं झालं.

"मग नवरा कुठी आहे?" ह्यांनी इचारलं.

"घरी. शाळेत शिकवतात."

बाई लय हसली. मग माह्याजवळ सरकून सांगाले लागली. गवळ्याची पोर. आधी गावच्या पंचायतीत, मग नगराध्यक्ष, मग मंत्री. मधात दोनदा निवडणुकीत आपटली, एकदा मंत्रीपद सोडून घरी बसली, तरी पुन्हा उभी राह्यली. "तू पाच वर्षांत काय केलं?" तिनं मले इचारलं. मी म्हटलं, "सह्या." पोरीनं ते तिले सांगितलं. आता मात्र बाई हसली नाही. दादा, मले लय लाज वाटली. रागही आला.

बरं, मुद्द्याचं. यंदा सरपंचाची जागा बायांसाठी राखीव राह्यली नाही, खुली झाली. ह्यांनी अर्ज भरला, ते तुले कळलंच असंल. मीही भरला. ते नसंल सांगितलं ह्यांनी.

आता दिवसभर हे माह्याविरुद्ध प्रचार करतात अन् संध्याकाळी माह्याच हातची भाकर खातात. परवा म्हणे, "पिठलं खारट झालं." मी म्हटलं, "सभेत सांगा."

ते तुले फोन करतील, "बहिणीले समजाव" म्हणतील. तुहा शब्द मी आजवर खाली पडू देला नाही, पण या टायमाले पडंल. तवा बोलूच नको. मले भेव वाटते, जेवण जात नाही. तरी अर्ज मागं घेणार नाही.

मतमोजणी झाली का आमच्यातलं एकजण रुसून तुह्याकडं राहाले येईल. मी का हे, ते गाव ठरवंल. खाट टाकून ठेवजो.

तुही लाडकी, अन् तुह्या जावायाची विरोधी उमेदवार,
सौ. द्वारका