डोहानं दिलेली तपेली

बाई,

तुमच्या मुलाचा फोन आला होता. तुमचं ते लोककथांचं पुस्तक तो पुन्हा छापतोय. जुन्या गोष्टींना आता फार मागणी आहे म्हणाला. लोक मोबाइलवर वाचतात, एकमेकांना पाठवतात, या खऱ्या कुठल्या गावच्या म्हणून विचारतात. पुस्तकाच्या शेवटी तुमच्या विद्यार्थ्यांनी तुम्हाला लिहिलेली पत्रं घालायची आहेत. "ताई, दोन पानं द्या. आईबद्दल मनात असेल ते लिहा." माझ्या मनात आहे ते तो छापणार नाही. तरी मी मांजर्लीतल्या घरात जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिते आहे, कारण आज सुट्टी आहे आणि माझ्या आईला जाऊन वर्ष होत आलं आहे. तुम्हाला जाऊन वीस तरी झाली. तुमच्या दिवसकार्याला मी आले नव्हते. कारखान्यात ड्युटी होती असं मी सगळ्यांना सांगितलं, पण ड्युटी नव्हती.

शाळेत सगळे तुम्हाला चांगल्या बाई म्हणायचे. तुम्ही मारत नव्हता, फळ्यावरचं तुमचं अक्षर छापल्यासारखं होतं. सातवीत तुम्ही सांगितलंत की प्रत्येकानं घरून एक गोष्ट आणायची, आईनं किंवा आजीनं सांगितलेली, पुस्तकातली नको. वर्गात अर्धी मुलं कॉलनीतली, कारखान्यांतल्या साहेबांची. त्यांच्या आयांना घरच्या अशा गोष्टी येत नव्हत्या. पांडवांनी अंबरनाथचं देऊळ एका रात्रीत बांधलं आणि उजाडलं म्हणून शिखर राहून गेलं, ही गोष्ट तुम्हाला एका तासात सात वेळा ऐकावी लागली. तुम्ही कंटाळलेल्या दिसत होता. मग तुम्ही मला उठवलंत. मोरिवली गावच्या आम्ही तिघीच होतो आणि आमच्यापैकी कुणी आपणहून हात वर करत नसे.

गोष्ट आईची होती. तिला ती तिच्या सासूनं सांगितलेली, आणि त्या सासूला तिच्या सासूनं. आमच्या घरात ती सुनांनाच सांगायची पद्धत होती. मी लेक असूनही मला ऐकायला मिळाली, कारण आई भाकऱ्या थापताना मी चुलीपुढे बसलेली असायची. आई सांगतेय, हात थांबत नाहीत. "पूर्वी लगीन निघाला का डोहाकडं जायाचा. हलदकुकू वाहायचा न् सांगायचा, घरान लगीन हाय, येवढी पातेली दे, येवढी ताटा दे. सकाली बघावा तं काठाव भांडी. काम झाला का घासूनपुसून, मोजून, पान्यान सोडायची." आमच्या घरात एक सून आली, तिला माहेर नव्हतं. "आई नाय, बाप नाय, भाव नाय. दुसऱ्यांचे लग्नाची भांडी घासता घासता ती रडाय लागली. डोहानी आयकला. तिनी एक तपेली पान्यान सोडली, ती परत काठाव आली. दुसरे येला सोडली, परत आली. तीन येला आली. तवा तिला समजला, ही मना माहेरची भेट." त्यानंतर डोहानं गावाला भांडी देणं बंद केलं. मी विचारलं, रागावला का? एवढंही कळत नाही का, अशा नजरेनं आईनं माझ्याकडे बघितलं. "रागवंल कशाला? तो तिचा बाप झाला ना. लेकीचे सासरी बाप कई भांडी भाड्यानी देतो का? पानी तरी पितो का?"

म्हणून आमच्या घरच्या सुना भाऊबीजेला डोहावर जायच्या. आईचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, भाऊ दोघं, जमिनीवरून बिनसलं आणि ते यायचे बंद झाले. मग आई दिवा घेऊन डोहावर जायची, पाण्याला ओवाळायची, दोन करंज्या काठावर ठेवायची आणि परत येताना चेहरा हसरा असायचा. एमआयडीसीतून सुटलेलं पाणी तेव्हाच डोहाच्या ओढ्यात यायला लागलं होतं. कधी ते जांभळं असे, कधी पिवळं. आईला त्याचं काही वाटत नसे. माणूस आजारी पडला म्हणून माहेर बदलतं का, असं काहीतरी ती म्हणायची.

ही गोष्ट मी तुमच्या वर्गात उभी राहून सांगितली. अर्धी पुस्तकी भाषेत, अर्धी घरच्या. "पान्यान" म्हटलं तेव्हा मागची मुलं हसली. तुम्ही त्यांना गप्प केलंत, पण तुम्हीही जरा हसला होता, मी पाहिलं. मग तुम्ही प्रश्न विचारायला लागलात. तीन वेळा परत आली हे कुणी पाहिलं? ती एकटीच होती ना? मग खरं काय झालं असेल? तुम्ही विचारत राहिलात, मी उत्तरं देत राहिले, आणि घंटा झाली तेव्हा तुमच्या वहीत गोष्ट पूर्ण झाली होती.

पुस्तक पुढच्या वर्षी आलं. उल्हासनगरच्या छापखान्यातून बांधलेले गठ्ठे शिपाईकाकांनी सायकलवरून आणले आणि पहिली प्रत तुम्ही मला दिलीत, आत सही करून. आमच्या गोष्टीचं नाव तुम्ही "लोभी सून" ठेवलं होतं. त्यात सुनेनं तपेली पदराखाली लपवली. डोह कोपला. एकीच्या लोभामुळे सगळं गाव भांड्यांना मुकलं. शेवटी बोध. आणि बोधाच्या आधी एक ओळ, जी तुम्हाला फार छान सुचली असं वाटलं असणार, की गावाच्या टोकाला चिंचेखालच्या घरात तिचे वंशज आजही राहतात. मोरिवलीत टोकाला चिंचेखाली एकच घर होतं, बाई. तुम्ही ते पाहिलेलंही नव्हतं. चिंचेचं मीच तुम्हाला सांगितलं होतं.

गावातल्या लग्नात भांडी आईच्या ताब्यात असायची. कुणाचं पातेलं कुठलं, कुणाच्या कळशीला पोचा आहे, हे तिला न बघता कळे. लग्नघरचे पहिला निरोप तिला पाठवायचे. पुस्तक गावात आलं आणि एका हळदीला कुणाच्या तरी शिकलेल्या मुलानं ते मोठ्यानं वाचलं. बायका हसून लोळल्या. "आता भांडी मोजून देवा गो हिचे कडं." "देताना नको, घेताना मोज." एक म्हातारी म्हणाली, "बाय, पदर झाड बघू." आईनं उठून पदर झाडून दाखवला, तीही हसली. पहिल्या वेळी ती खरंच हसली होती. दुसऱ्या लग्नात तेच, तिसऱ्या लग्नात तेच, आणि एका लग्नात एक पळी खरोखर हरवली. ती दुसऱ्या दिवशी मांडवाच्या कोपऱ्यात सापडली. पण त्या रात्री सगळ्यांना आईचाच संशय होता, कुणी आमच्या घराकडे फिरकलं नाही, आणि त्यानंतर आई कुणाच्या लग्नात भांड्यांना हात लावायला गेली नाही.

त्या दिवाळीआधी ती मला घेऊन उल्हासनगरला गेली. भांड्यांच्या दुकानात सिंधी शेठ गादीवर बसलेला. "आओ माई, घर में शादी है?" आई म्हणाली, "नाय, असाच." तिनं दोन पातेली आणि एक तपेली घेतली आणि तिन्हींवर नाव घालायला सांगितलं. नाव घालणारा पोऱ्या यंत्र घेऊन बसला आणि त्यानं विचारलं, कुणाचं नाव? बाकीच्या बायका नवऱ्याचं सांगतात. आईनं स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट. शेठ म्हणाला, "इतना लंबा? कोई चुरा के नहीं ले जाएगा, माई." आईनं पैसे मोजून दिले. मी दुकानाबाहेर उभी राहून रस्त्याकडे बघत होते.

मग एके दिवशी ती शाळेत आली. चांगलं लुगडं नेसून, पुस्तक पिशवीत घालून. तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावून घेतलंत. आई उभी, तुम्ही खुर्चीत, बाजूला एक सर पेपर तपासतायत.

"बाई, आमचे घरची गोष्ट अशी नाय."

"अहो, लोककथा आहे ती. प्रत्येक ठिकाणी वेगळी सांगतात."

"वेगली सांगू दे. पन चोरीचा कुठना आला? आमचे घरान कोनी चोरी केली नाय."

तुम्ही समजावणीच्या सुरात म्हणालात की गोष्टीत बोध असावा लागतो, मुलं त्यातून शिकतात, आणि आता तर ती छापून झाली. सर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "छापलेलं कसं पुसणार, मावशी?" आईनं माझ्याकडे वळून विचारलं, "तू सांगलास का यांना असा?"

मी सांगितलं होतं. ते मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही वर्गात विचारलंत, मग खरं काय झालं असेल, आणि मागची मुलं अजून फिदीफिदी करत होती, आणि मी म्हटलं, "चोरली असेल, बाई." हसणं बंद झालं. तुम्ही म्हणालात, "शाब्बास. आता गोष्टीला अर्थ आला." शाळेत मला मिळालेली ती पहिली शाब्बासकी. पदराखाली लपवली, हेसुद्धा मीच पुढे जोडलं, कारण तुम्ही अजून काहीतरी ऐकायला थांबला होता.

स्टाफरूममध्ये मी आईला म्हटलं, "नाय. बाईंनी लिवला." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग आईकडे पाहून म्हणालात, "हो, ते माझंच आहे. मुलीला काही बोलू नका." आई पिशवी घेऊन निघून गेली. लोक याला चांगुलपणा म्हणतील. मी म्हणत नाही. तुम्ही त्या वेळी खरं सांगितलं असतंत तर मला घरी मार बसला असता, दोन दिवस जेवण गेलं नसतं आणि आईला निदान कळलं असतं की ही बाहेरच्या शिकलेल्या माणसाची अक्कल नाही, आपल्याच पोरीचा गाढवपणा आहे. त्याला ती हसली असती. गावातल्या बायकांना तिनं तसं सांगितलंही असतं. छापलेल्या पुस्तकापुढे मात्र ती काहीच बोलू शकली नाही. मी आता लॅबमध्ये काम करते. आनंदनगरला आमच्या कंपनीत नमुना कुणी आणला आणि कुणी तपासला, दोन्ही सह्या लागतात, नाहीतर रिपोर्ट जात नाही. मी बारा वर्षांची होते. तुम्ही तपासायला हवं होतं. मोरिवली शाळेपासून चालत अर्ध्या तासावर होती आणि तुम्ही आला नाहीत.

मागे एकदा मी अंबरनाथच्या देवळात गेले होते. तरुण मुलामुलींचा एक घोळका शिल्पांचे फोटो काढत होता. त्यांच्यातली एक मुलगी मोबाइलवरून आसपासच्या गावांच्या कथा वाचून दाखवत होती आणि त्यात आमची आली. तुमचेच शब्द. "भारी आहे यार," एकजण म्हणाला, "पण एका तपेलीसाठी?" मी बाजूच्या दगडावर चपला काढून बसले होते, तशीच बसून राहिले. आईच्या शेवटच्या आजारात माझ्या वहिनीनंही ती कुठूनशी वाचली आणि आईला विचारलं, "आई, ही आपलीच ना?" सुनेला सांगायची गोष्ट, आणि सून आपणहून विचारतेय. आई म्हणाली, "बाईंनी लिवलीय ना, तीच." आणि कूस बदलली. भाऊबीजेला डोहावर जाणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

तर तुमचा मुलगा. फोनवर म्हणाला, शेवटचं प्रूफ हातात आहे, काही दुरुस्ती असेल तर आत्ताच सांगा. मी आईची गोष्ट सांगितली, ती सांगायची तशी, सावकाश. तो लिहून घेत होता. तीन वेळा काठावर आली, तिथे फोनवर ऐकू येणारी पेनाची खरखर थांबली. मग म्हणाला, "ही तर केवढी वेगळी आहे, ताई. हीच छापतो. पण मग चोरी कुठून आली?"

मी म्हटलं, "तुमच्या आईनं घातली. त्यांना बोध लागायचा."

तो जरा हसला. "लागायचा खरा. मी तळटीप टाकतो तशी." मग आवाज उतरला त्याचा, आणि त्यानं तुमच्या वतीनं माझी माफी मागितली. मी म्हटलं, असू द्या.

पुस्तक दोन महिन्यांत येईल. गोष्ट नीट छापली जाईल, चिंचेखालच्या घराची ओळ निघेल, वहिनी वाचेल. त्याखालच्या तळटीपेत चूक तुमच्या नावावर राहील. त्याला मी वेगळी दोन पानं पाठवली आहेत, तुमच्या अक्षराबद्दल. ही त्याला देणार नाही. त्याला पुन्हा फोन करून खरं काय ते सांगता येईल, प्रूफ अजून त्याच्याकडेच आहे. मी करणार नाही. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं, बाई, आणि अजूनही वाटतंय.