सहा नंबरच्या खाटेचे सात दिवस

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी चांगली बातमी. काल दुपारी हिला घरी आणलं, एकोणीस दिवसांनी. जिन्याच्या बावीस पायऱ्या चढायला आम्हाला अर्धा तास लागला. दर चार पायऱ्यांवर मी स्टूल मांडत होतो आणि ती बसत होती. वर पोचल्यावर पहिलं वाक्य काय, तर पडदे कोणी धुतले नाहीत का. म्हणजे बरी आहे. फुप्फुसं पूर्ववत व्हायला तीन महिने लागतील आणि तोवर फार बोलायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात. ते पथ्य तिला जड जाणार, मला तितकंसं नाही!

आता दुसरी गोष्ट. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. बिलाचा आकडा पाहून मला वाटलं मी चुकून दुसऱ्याच कोणाचं बिल भरतोय. मी धरून चाललो होतो त्याच्या निम्माच! मी काही न बोलता पैसे भरले. आज सकाळी पावती निवांत वाचली, तर अतिदक्षता विभागाचे दिवस चार लावलेत. ती तिथे अकरा दिवस होती. मी ते अकराही दिवस बाहेरच्या बाकावर काढलेत, मोजण्यात माझी चूक होणं शक्य नाही. सात दिवस राहून गेलेत. सात दिवस म्हणजे माझी आठ महिन्यांची कमाई, ताई.

तू मुदत ठेव मोडून पाठवलेले पैसे त्यामुळे जवळपास तसेच आहेत. ते परत केले तर तुझं कानाचं यंत्र याच महिन्यात येईल. पण पावती मी अजून शर्टाच्या खिशातच ठेवलीय आणि आंघोळीला जाताना शर्ट बरोबर नेतो. हिला काही सांगितलेलं नाही. सांगावं का? आणि दवाखान्याला? तू तीस वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीत बसलीस, तुला यातलं कळतं.

लोभ तर तुझा आहेच, या खेपेला सल्लाही जोडून पाठव.

तुझा,
धाकटा


८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ती घरी आली हे वाचून आज तीन आठवड्यांनी मी ताटावर बसून जेवले, नाहीतर उभ्याउभ्याच दोन घास गिळत होते. तिला म्हणावं पडदे मी येऊन धुईन, तू फक्त श्वास घे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देते: गप्प बस. एकोणीस दिवसांत त्यांनी कापसाचा बोळादेखील मोजून लावला असेल. सात दिवस विसरले, तर त्यांची इमारत काही खचत नाही. आणि चुकीचा भुर्दंड कोणाला पडतो ते मला विचार. एकदा एक गृहस्थ माझ्या खिडकीशी आले, म्हणाले माझं बिल कमी आलंय. साहेबांनी त्यांना आत बसवून चहा दिला. चूक माझी निघाली. मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि त्या वर्षीची पगारवाढ गेली. त्या भल्या माणसाला हे आजही ठाऊक नसेल. तेव्हा काउंटरवरच्या मुलीचाही विचार कर.

शिकाऊ लोकांना गाडी शिकवून शिकवून तुझा पाय सारखा ब्रेकवर असतो. ती खोड नोकरीपुरती ठेव.

आणि माझाही स्वार्थ आहे, लपवत नाही. परवा दूधवाल्याने काहीतरी विचारलं. तीनदा विचारूनही मला कळलं नाही, चौथ्यांदा लाज वाटली म्हणून नुसती मान हलवली. कालपासून चार पिशव्या दूध येतंय.

तिला जप. पावती फडताळात ठेवून दे, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि आठवडा बरा गेला. काल हिला तपासणीला नेलं होतं, तिथे सगळं बिनसलं.

हिच्या शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. ही पाच नंबरवर, त्या सहा नंबरवर. चौथ्या दिवशी आजींना खालच्या वॉर्डात हलवलं आणि हिला सहा नंबरवर घेतलं, कारण तिथलं श्वासाचं यंत्र चांगलं होतं. आजींची लेक शिवणकाम करते. ते चार दिवस आम्ही दोघं एकाच बाकावर होतो, तिच्या थर्मासमधला चहा मी प्यायलोय. आजी बाराव्या दिवशी गेल्या, हे मला माहीत होतं.

काल ती कागदपत्रं न्यायला आली होती. ही आत डॉक्टरांकडे असताना ती माझ्याजवळ बसली आणि सांगू लागली, की आई वर चार दिवसच होती, पण बिलात अकरा लावले. काउंटरवर दोनदा सांगितलं, तर ते म्हणाले संगणकात तसंच आहे. तिसऱ्यांदा भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं, आई खाली शवागारात होती. दोन शिलाई यंत्रांपैकी नवं यंत्र तिने विकलं.

ताई, ते सात दिवस आमचे आहेत. खाट बदलली, पण सहा नंबरवर आजींचंच नाव राहिलं. ती बोलत असतानाच माझ्या ते लक्षात आलं. पावती माझ्या खिशात होती. आणि मी काय म्हणालो, तर हो, इथे असंच चालतं. एवढंच म्हणालो. वर तिला रिक्षा करून दिली.

दवाखान्याचं नुकसान होतं तोवर मला झोप लागत होती. आता लागत नाही. आज गाडी शिकवताना मोकळ्या रस्त्यावर दोनदा करकचून ब्रेक दाबला. शिकणाऱ्या बाई घाबरून रडल्या. मी काय करावं ते तू सांगावंस म्हणून नव्हे, कोणाला तरी सांगायचं म्हणून लिहिलं.

रागावलीस तरी उत्तर टाळू नकोस.

तुझा,
धाकटा


२८ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

अक्षर वेडंवाकडं आहे, चार ओळी लिहिल्या की थांबावं लागतं. तुमचं तेवीस तारखेचं पत्र मीच फोडलं, कारण हे आठवडाभर माझ्याकडे बघतच नव्हते. त्यात तुमची दोनच वाक्यं होती: उद्याच्या उद्या जा आणि सांगून ये, माझे पैसे परत करायचे आहेत हे विसर. मी ह्यांना समोर बसवलं. मग आधीची पत्रं निघाली, आणि पावतीही.

वन्सं, मी तुमच्यावर रागावलेय. श्वास माझा, दिवस माझे, आणि तुम्ही दोघं भावंडं मी घरात नसल्यासारखी आपसात ठरवत होतात. मला धक्का बसेल म्हणून! मी मरता मरता वाचले, मला पावतीने काय होणार होतं? दुसरीच्या लेकीने माझ्या श्वासाचे पैसे भरले, हे मला सगळ्यात शेवटी कळावं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. हिशेबाच्या साहेबांनी खाटांची वही मागवली आणि पाच मिनिटांत चूक सापडली. काउंटरवरच्या मुलीची नव्हतीच ती. खाट बदलल्याची नोंद वॉर्डातून व्हायची राहिली होती. ती नोंद करणारी परिचारिका त्या दिवशी सलग दुसरी पाळी करत होती. पाठ थोपटून मला खोकायला लावायची ती हीच. तिच्याकडे खुलासा मागितलाय. तिच्यामुळे मी जिवंत आहे, असं मी साहेबांना लेखी देऊन आले. त्यांनी कागद फाईलला लावला, पुढचं माहीत नाही.

मग आजींच्या लेकीकडे गेलो. एका खोलीत दुकान आणि घर. ह्यांनी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. तिने विचारलं, त्या दिवशी बाकावर तुम्हाला कळलं होतं? हे हो म्हणाले. मग ती जे बोलली ते तसंच लिहिते. नवव्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, आईला पुन्हा वर न्यायचं का. ती काउंटरवर जाऊन तोवरचं बिल बघून आली, आणि नको म्हणाली. त्या बिलात माझे दिवस होते.

ती शिवायचं थांबली नाही. आम्ही तसेच परत आलो.

तुम्हाला दोष द्यायला लिहिलं नाही. राग आहे, पण तो घरातल्या माणसावर काढता येतो म्हणून तुमच्यावर काढला. माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
भावजय


१४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू हिला लिहिलेलं माफीचं पत्र तिने मला वाचू दिलं नाही. आता ठरवायचं ते तुम्ही दोघी ठरवा आणि मला मागाहून कळवा, असं म्हणायची माझी पाळी आहे.

आजींच्या लेकीचे पैसे दवाखान्याने परत केले, पाच आठवडे लागले. आमची बाकी तुझ्या पैशांतून थोडी फिटली, उरलेली दीड वर्षाच्या हप्त्यांनी. सकाळी सहाला दोन शिकवण्या वाढवल्या आहेत. तुझा पहिला हप्ता ऑगस्टमध्ये येईल. नको म्हणून लिहू नकोस, ही ऐकणार नाही. परिचारिकेला लेखी ताकीद मिळाली. परवा भेटली तेव्हा हसली, पण थांबली नाही. तू म्हणाली होतीस तसंच झालं, आणि तरी सांगायलाच हवं होतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांचं काय करायचं ते मला कळत नाही.

मी डॉक्टरांना गाठून विचारलं, आजींना पुन्हा वर नेलं असतं तर वाचल्या असत्या का. ते म्हणाले, बहुधा नाही. मी लेकीला जाऊन सांगितलं. तो 'बहुधा' गाळावा असं फार वाटलं. गाळला नाही.

त्यानंतर ती येईल असं वाटलं नव्हतं. पण रविवारी संध्याकाळी दारात उभी राहिली. बसली नाही. म्हणाली, अतिदक्षता विभागात आम्हाला आत सोडत नव्हते. ते चार दिवस आईजवळ तुमची बायकोच होती. आई काही बोलली का?

मी हिच्याकडे पाहिलं. खरं सांगतो, मला वाटलं हिने दोन गोड शब्द सांगावेत, लेकीची आठवण काढत होत्या म्हणावं. कोण तपासायला जाणार होतं? हिने थोडा वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाली, तुमचं नाव मी ऐकलं नाही. मी गुंगीतच असायचे. एकच आठवतं. आजींनी एकदा परिचारिकेला जवळ बोलावून चादरीची कड दाखवली, ही कोणी शिवली म्हणून विचारलं, आणि असल्या वाकड्या टाक्यांवर मी मरणार नाही असं ठणकावून सांगितलं.

लेक हसायला लागली, ताई, अगदी मोठ्याने, भिंतीला धरून. शिवण सरळ आली नाही तर आई शेवटपर्यंत माझ्या हातून ओढून घेऊन उसवायची, म्हणाली. हसता हसता खाली बसली आणि पदर तोंडाला लावला.

मग तिने मान वर केली आणि हिला म्हणाली, ते पुन्हा सांगा. हिला धाप लागली होती. तरी हिने पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

तुझ्या मायेचा हक्कदार,
धाकटा