रिपोर्ट चांगला आल्यानंतर

तीर्थरूप आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

गळ्यावरचा ऑपरेशनचा व्रण आता निरखून बघितल्याशिवाय दिसत नाही. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेते, वेळेवर जेवते, कामावर जाते. रिपोर्टही चांगला आला.

फक्त मन थाऱ्यावर नव्हतं. उगाच छातीत धडधडायचं, कशातच जीव रमायचा नाही. मागच्या आठवड्यात दुकानात एका आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवताना हातातून निसटला आणि मला रडूच कोसळलं. आजोबा बिचारे घाबरले. म्हणाले, "राहू दे गं पोरी, मला तरी असं काय मोठं बघायचंय!" रडता रडता हसू फुटलं.

मालकीणबाईंनी मला तशीच उठवून डॉक्टरांकडे नेलं. मी म्हटलं, "रिपोर्ट चांगला असताना ही नुसती थेरं आहेत माझी."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थेरं कसली? शरीर सावरलं तरी मनाला वेळ लागतो. पुष्कळांना होतं असं."

त्या गोळीचं प्रमाण पुन्हा तपासतायत. शिवाय एका समुपदेशक बाईंशी दर आठवड्याला बोलते. झोप लागायला लागली आहे. काल तर चक्क गुणगुणत कपडे धुतले.

बाबांचा गुडघा काय म्हणतो? काठी घेतात, की अजून ऐट आडवी येते?

एक मागणं आहे. फोनवर "बरी आहेस ना?" असं विचारू नकोस. त्यावर "हो"शिवाय दुसरं काही बोलवत नाही गं. "आज कशी आहेस?" असं विचार. मग खरं ते सांगेन.

तुझी,
धाकटी