एकतीस डब्यांचं रजिस्टर पार्सल

आदरणीय मेहुणेसाहेबांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात पेन आहे, तेव्हा दीडच समजा). तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मी मजेत आहे, म्हणजे रोज दूध उतू घालवतो आहे.

घडलं ते असं. पेपरात एक शब्द वाचला : संप्रेरक-विघातक. छत्तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला अर्थ लागायला कितीसा वेळ? शरीरातल्या ग्रंथी रक्तातून चिठ्ठ्या धाडतात, 'वाढ', 'थांब', 'झोप'. त्या चिठ्ठ्या म्हणजे संप्रेरकं. काही रसायनं हुबेहूब तसलीच खोटी चिठ्ठी टाकतात, नाहीतर खरी पोचूच देत नाहीत (आमच्या खात्यात असं करणाऱ्याला थेट घरी बसवत). खोलात गेलो तर नाव १९९१ सालचं निघालं. वीसेक शास्त्रज्ञ सभेला जमले, कुणी पक्ष्यांचं गाऱ्हाणं आणलं, कुणी माशांचं, कुणी माणसांचं, आणि सगळ्यांचा चोर एकच दिसल्यावर त्यांनी त्याला हे नाव दिलं. पुढे लिहिलं होतं, काही प्लॅस्टिकातही हा दडलेला असतो. मी फळीकडे पाहिलं. प्लॅस्टिकचे एकतीस डबे! सगळे तुम्ही बहिणीला दिलेले.

आता नको असलेलं टपाल फेकायचं नसतं, पाठवणाऱ्याला परत करायचं, हा आमचा नियम. मी डबे खोक्यात भरले, सुतळी आवळली, लाख लावली आणि तुमच्या पत्त्यावर रजिस्टर केलं. तुमची बहीण बाजारातून आली, तर टेबलावर पावती. वर माहेरचा पत्ता, खाली माझ्याच अक्षरात 'सौ.चे सामान'. "सामान धाडलंत, मग मला कशाला ठेवताय?" म्हणाली. मी समजवायला ग्रंथींपासून सुरुवात केली. पहिली ग्रंथी संपेपर्यंत तिची बस सुटली होती. पार्सलाच्या आधी पोचली ना ती?

रसायनांचा धोका खरा आहे, एवढंच तिला सांगा. बाकी क्षेम.

आपला,
निवृत्त पोस्टमन

ता.क. निळ्या झाकणाच्या डब्यात माझी कवळी गेली आहे. चार दिवस नुसतं पातळ पितोय. तेवढी पाठवा.

ता.क. २. कवळीची घाई नाही. आधी बहिणीला पाठवा. घर खायला उठलंय. डबे आणले तरी चालतील, एकतीसच्या एकतीस. फळी पुसून ठेवली आहे.

ता.क. ३. ती हटून बसली, तर तुम्ही तिला ठेवून घेऊ नका. नियम तोच : पाठवणाऱ्याला परत. चूक पाठवणाऱ्याची होती, हे वाक्य तिला मोठ्याने वाचून दाखवा.