ह्यांच्या कपाळावरचं पाणी

३ मार्च, सोमवार
डॉक्टरांनी हात टेकले. आठवडा, फार तर दहा दिवस. मी तोंड लपवलं तर हे म्हणतात, "रडू नकोस, खळ पातळ होईल." पुस्तकं बांधणाऱ्याचा विनोद! चाळीस वर्षं खळ, सुई आणि दोरा, मेले विनोदही तसलेच.
हसले मी. मग जिन्यात जाऊन रडले. ह्यांचा विश्वास कशावरच नाही. म्हणजे मेल्यावर पुढं भेट नाही?

५ मार्च
पुन्हा विषय काढला. "एकदाच हो म्हणा. बाप्तिस्मा घ्या. माझ्यासाठी."
"नाही. लग्नाआधीच ठरलं होतं ना? मी दारापर्यंत येईन, आत ओढायचं नाही."
ठरलं होतं खरं. एकतीस वर्षं दर रविवारी चर्चच्या पायरीवर बसून गीतांची फाटकी पुस्तकं शिवली, फुकट. बाप्तिस्म्याचं रजिस्टरसुद्धा ह्यांनीच बांधलंय. आत पाऊल म्हणून नाही! हट्टी माणूस. माझा माणूस.

६ मार्च
ताप. शुद्ध नाही.

७ मार्च
केलं मी.
पाळकांना घेऊन आले. ते खाटेपाशी घुटमळले—"त्यांची इच्छा आहे ना?"
"आहे. परवाच बोलले मला." तोंडातून सहज गेलं.
वॉर्डातली स्टीलची वाटी, नळाचं पाणी. तीनदा कपाळावर. कानामागं ओघळलं ते मी रुमालानं टिपलं. रजिस्टरात साक्षीदार म्हणून सही माझी. किती हलकं वाटलं! देवा, आता हे तुझे.

९ मार्च
ताप उतरला! शुद्धीवर आले!
आणि नणंद आली. आनंदाच्या भरात मीच तिला सांगून बसले होते. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही—"दादा, शेवटी वहिनीच्या देवाचा झालास म्हणे!"
हे ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघत राहिले. "मी बेशुद्ध असताना?" मग भिंतीकडे तोंड केलं.

१० मार्च
बोलत नाहीत. भरवलं की खातात.
खोटं बोलू नये हे दर रविवारी पोरांना शिकवते कोण? मीच! जळलं मेलं माझं शिकवणं.

१२ मार्च
माफी मागितली मी. हे म्हणाले, "नाही म्हटलं होतं ना तुला?"
"हो."
"मग?"
"तुमच्याशिवाय तिथं मी काय करू?"
हात पुढं आला. थंडगार. "वेडे. तिथंही पायरी असेलच की. बसेन."

१४ मार्च
गेले. सकाळी दहाला. बोट माझ्या मुठीत होतं.
पाळक म्हणाले, आता ते मंडळीतले, चर्चच्या जमिनीत तुमच्यासाठी राखलेल्या जागेशेजारीच ठेवू. नणंद म्हणते, दादाला दहन हवं होतं. मला माहीत नाही का? दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.
माझ्या शेजारी. कायमचे. नुसती मान हलवायची होती.

१५ मार्च
दहन केलं.

१६ मार्च, रविवार
पाळकांना म्हटलं, ह्यांचं नाव खोडा. "बाई, बाप्तिस्मा खोडता येत नाही."
"मग पेन द्या."
ह्यांनीच शिवलेल्या त्या पानावर, ह्यांच्या नावापुढं, माझ्या हातानं लिहिलं—ह्यांनी नाही म्हटलं होतं. मी खोटं बोलले.