आर्थिक परिस्थितीत बदल: नाही

१८ मार्च, सोमवार
आल्डरब्रुक कॉलेजची ऑफर आली. आमच्या मुलीला, टेसाला, तळ्यातल्या जीवांचा अभ्यास करायचा आहे आणि तो कोर्स तिला तिथलाच हवाय. आठवीपासून. पहिल्याच ओळीत 'अभिनंदन!' खाली एकूण मदत सत्तेचाळीस हजार डॉलर. मी खुर्चीवरून उठून आरोळी ठोकली.
बायकोने, डोरीनने, चष्मा लावला. म्हणाली, लेन, यातले चोवीस हजारच देणगीचे आहेत. बाकीचं कर्ज. एक तिच्या नावावर, एक आपल्या. कर्जाला मदत कधीपासून म्हणायला लागले?
मी समजावलं की याला पॅकेजिंग म्हणतात. बावीस वर्षं हॉस्पिटलांना आणि हॉटेलांना नळ विकतोय मी. पहिली किंमत ही कधीच खरी किंमत नसते. अपील करायचं. होकार कळवायची शेवटची तारीख पहिली मे; तोवर त्यांना चाळीस हजारांवर आणतो. सगळी देणगी.
टेसाने मला मिठी मारली. बऱ्याच दिवसांनी मारली.

१९ मार्च, मंगळवार
गोम सापडली. हे लोक मदत ठरवताना दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स बघतात. ते वर्ष म्हणजे मी कसिनोच्या हॉटेलात चारशे बाथरूमचे नळ विकले ते वर्ष! एवढा बोनस आधी कधी मिळाला नव्हता, नंतरही नाही. म्हणजे माझ्या कर्तबगारीचीच शिक्षा.
सद्यःस्थितीची नोंद, फक्त माझ्यासाठी: फेब्रुवारीत कंपनीने आमचं डिपार्टमेंट नव्याने रचलं. माझी नोकरी गेली असं म्हणणं चूक ठरेल. कंपनीने मला बाजारासाठी मोकळं केलंय. पगार एप्रिलअखेरपर्यंत खात्यात येतोच आहे, तेव्हा काटेकोरपणे पाहिलं तर काहीच बदललेलं नाही. नवीन जागा नक्की झाली की घरी दोन्ही बातम्या एकदम सांगेन. तोवर रोज सकाळी टाय लावून निघतो. बंदराजवळची लायब्ररी. खिडकीतून समुद्राएवढं तळं दिसतं. जुन्या ऑफिसातून कचऱ्याचं डंपस्टर दिसायचं.

२२ मार्च, शुक्रवार
चर्चच्या हॉलमध्ये लेंटच्या उपासातलं शुक्रवारचं मासळीचं जेवण. मेव्हणा व्हर्न समोर बसला. तो शाळेत मुलांना कॉलेजचे सल्ले देतो, म्हणून जगालाही देतो. म्हणाला, लेन्या, तिथे रुबाब नको दाखवूस. त्यांना एकच गोष्ट हलवते, परिस्थितीत बदल. नोकरी गेली, आजारपण आलं, कोणी वारलं. तसं काही असेल तर सरळ सांगायचं, काम होतं. तसं काही आहे का तुमच्याकडे?
आणि मासा चावत माझ्याकडे बघत राहिला.
मी कोबीचं कोलस्लॉ वाढून घेतलं. डोरीन हसून म्हणाली, लेनची नोकरी? हा मेला तरी सोमवारी कंपनी याला बोलावून घेईल. सगळे हसले. मी सगळ्यांत जास्त हसलो. टेसा पाणी आणायला उठून गेली.

२६ मार्च, मंगळवार
अपिलाचा फॉर्म. पहिलाच प्रश्न: गेल्या वर्षभरात घरातल्या कोणाची नोकरी गेली आहे का?
विचार केला. पगार येतो आहे. आणि लाचारीतून सौदा करणाऱ्याला काय भाव मिळतो, हे मी पुरतं जाणतो, कारण अशांकडून मीच भाव काढलेत. 'नाही'वर खूण केली. घराची किंमतही विचारली आहे. ती जेवढी असायला हवी तेवढी लिहिली.
सोबत तीन पानी पत्र. सुरुवात अशी: 'एक व्यावसायिक दुसऱ्या व्यावसायिकाला लिहीत आहे.' वाढत्या कंपनीतला वरिष्ठ अधिकारी, प्रतिष्ठित घर, हुशार मुलगी, असं कुटुंब लाभणं हे कॉलेजचं भाग्य वगैरे. स्टेट युनिव्हर्सिटीची स्वस्त ऑफर जोडली, धाक म्हणून.
फॉर्म टेसाच्या खात्यातून जातो, म्हणून तिने वाचला. सगळा वाचला. मग विचारलं, बाबा, हे असंच पाठवायचं? काही बदलायचं असेल तर बदल ना. मी थांबते.
एक स्वल्पविरामही नाही, म्हटलं. भाषेकडे लक्ष आहे पोरीचं. माझ्यावर गेलीय.

२ एप्रिल, मंगळवार
उत्तर आलं! मदत ऑफिसच्या मिसेस लिंडक्विस्ट लिहितात की पत्रावरून आपल्या कुटुंबाची स्थिती आमच्या अंदाजापेक्षा बळकट दिसते, तरी अलीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि घराच्या किमतीचा आधार पाठवावा.
गळाला लागली. गिऱ्हाईक प्रश्न विचारायला लागलं की अर्धी विक्री झाली.
डोरीनने 'बळकट' हा शब्द दोनदा वाचला. मोठ्याने.

४ एप्रिल, गुरुवार
कंपनीने दिलेली गाडी परत नेली. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये एक माणूस आला, किल्ली मागितली, मागच्या सीटवरच्या माझ्या नमुन्याच्या तोट्या एका खोक्यात भरून हातात दिल्या. सभ्य होता.
घरी सांगितलं, गिअरबॉक्स. डोरीनने विचारलं कुठल्या गॅरेजात टाकलीस. सांगितलं. ती म्हणाली, ते तर दोन वर्षांमागे बंद पडलं. मी म्हटलं, परत उघडलंय. ती कोरडी झालेली बशी पुसत राहिली.
यापुढे बस. बसमध्ये विचार चांगले सुचतात.

९ एप्रिल, मंगळवार
पगाराच्या स्लिपांचा प्रश्न नाजूक. शेवटच्या दोन स्लिपांवर कंपनीच्या कोणा अडाण्याने 'सेवासमाप्ती' असं छापलंय. जानेवारीच्या पाठवल्या. 'अलीकडच्या' हा शब्द लवचीक आहे.
पाठवल्यावर कोट काढून टाय सैल करावा लागला. हीटर फार चालवतात लायब्ररीत.

११ एप्रिल, गुरुवार
इंटरव्ह्यू! फोनवर. मोठं हार्डवेअर दुकान, रंगाचा विभाग. पलीकडच्या पोराने विचारलं, आठ तास उभं राहता येईल का तुम्हाला? मी म्हटलं, माझा अनुभव पाहता ही जागा मला लहान आहे, पण विचार करीन. तो म्हणाला, आम्हीपण करतो.
त्यांचा विचार अजून चालू असावा.

१५ एप्रिल, सोमवार
थोडक्यात बचावलो. अकराच्या सुमारास लायब्ररीत मान वर केली, तर दोन कपाटांपलीकडे टेसा! शाळा सोडून. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं ते धरलंच. बऱ्याच वेळाने खाली केलं तेव्हा ती गेली होती. मला पाहिलं नाही, हे नक्की.
टेबलावर कागदात बांधलेलं सँडविच होतं. ट्यूना, कांदा न घातलेलं, मला आवडतं तसं. लायब्ररीतले लोक जुन्या वाचकांची कदर करतात. शाळा बुडवल्याबद्दल टेसाला बोलायला हवं होतं, पण कुठे पाहिलं हे सांगावं लागलं असतं. ठेवलं.

१८ एप्रिल, गुरुवार
निकाल लागला. घराची किंमत आणि पगार पाहून त्यांनी नव्याने हिशेब केला. देणगी चोवीसवरून एकवीस.
म्हणजे कमी केली.
ही त्यांची चाल आहे. समोरचा दचकतो का ते बघतात. मी दचकलेलो नाही.
डोरीन जिन्याच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, लेन, तू त्यांना काय काय लिहिलंयस? मी म्हटलं, सौदा मधेच उलगडून दाखवत नाहीत. ती म्हणाली, माझ्या पगारात आपला विमा निघतो आणि किराणा येतो. तेवढंच निघतं. हे का सांगत होती कळलं नाही. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते, तिचा पगार मला ठाऊक आहे.

२४ एप्रिल, बुधवार
टेसाने आल्डरब्रुकचा स्वेटशर्ट घालणं बंद केलंय. उन्हाळा जवळ आला म्हणून असेल. बाहेर अजून पाच डिग्री आहे.
संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, बाबा, तुला मला काही सांगायचंय का? काहीही असलं तरी चालेल. मी रागावणार नाही. खरंच.
मी तिला आत्मविश्वास या विषयावर चार शब्द सांगितले. डोळे भरून आले तिचे. माझं बोलणं लागतं माणसाला.
झोप येत नाही अलीकडे. तळ्यावरून वारा फार.

३० एप्रिल, मंगळवार
आज खात्यात शेवटचा पगार आला. म्हणजे सध्याच्या व्यवस्थेतला शेवटचा.
दुपारी चारला मिसेस लिंडक्विस्टचा फोन. शेवटची फेरी म्हणून फोन स्पीकरवर ठेवला, घरच्यांना माझं काम बघू दे म्हणून. टेसा टेबलाशी, डोरीन सिंकपाशी.
बाई गोड आवाजाची निघाली. म्हणाली, मिस्टर सोबचाक, मला टेसासाठी काहीतरी करायचंय. फंडात थोडे पैसे उरलेत, उद्या सकाळी वाटून संपतील. पण मला कारण लागतं. नोकरीचं काही, तब्येतीचं काही. घरात काही बदललंय का? नीट आठवून सांगा. मला घाई नाही.
डोरीनने नळ बंद केला. टेसा माझ्याकडे बघत होती. पापणीसुद्धा हलवत नव्हती.
मी म्हटलं, देवाच्या दयेने आमच्याकडे सगळं उत्तम चाललंय.
मग तिने परत विचारलं, नक्की? असा एकच प्रश्न दोनदा विचारणारं गिऱ्हाईक मी ओळखतो. ते वाकायच्या बेतात असतं. मी म्हटलं, नक्की.
ती म्हणाली, बरं. टेसाला माझ्या शुभेच्छा सांगा.
उद्या वाढीव आकडा येणार. डोरीन न जेवता वर गेली.

१ मे, बुधवार
आकडा आला नाही.
नाश्त्याला टेसाने सांगितलं की तिने आल्डरब्रुकला नाही कळवलंय. उजाडतानाच. घराजवळच्या त्या स्टेट युनिव्हर्सिटीत नाव घालणार, घरीच राहणार, दुपारी काम बघणार. तळ्यातल्या जीवांचा कोर्स तिथे नाही. अकाउंटिंग आहे. अकाउंटिंगपण चांगलं असतं, म्हणाली, आणि टोस्टवर लोणी लावत बसली. टोस्ट खाल्ला नाही.
मी गॅरेजमध्ये गेलो. मिसेस लिंडक्विस्टला फोन लावला. तिने हॅलो म्हणताच बोलून टाकलं, माझी नोकरी गेली आहे. फेब्रुवारीत गेली. हे शब्द मी पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारले. रंगाच्या डब्यावर बसलो.
ती म्हणाली, हो, मिस्टर सोबचाक. ठाऊक आहे मला. तुमच्या मिसेसनी आणि टेसाने एप्रिलच्या सुरुवातीलाच फोन करून सांगितलं होतं. पण नोकरी तुमची, तेव्हा सही तुमचीच लागते आणि कंपनीचं पत्रही तुम्हीच आणायचं. त्या म्हणाल्या, तो स्वतःहून सांगेल, आम्ही त्याला तोंडघशी पाडणार नाही. म्हणून तर मी काल दोनदा विचारलं.
मी विचारलं, आता? ती म्हणाली, टेसाची जागा सकाळीच यादीतल्या पुढच्या मुलीला दिली. पैसेही तिच्याबरोबर गेले. फार वाईट वाटतंय मला.
मी फोन ठेवला. थँक यू म्हणायचं राहिलं.
दारात टेसा उभी होती. कधीपासून, माहीत नाही. विचारलं, कोणाचा फोन होता, बाबा?
मी म्हटलं, कामाचा.
ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, तुझी बस येईल आता, निघ. आणि मला बाहेर पडता यावं म्हणून गॅरेजचं शटर तिनेच वर केलं.